उदाजीरावांचे आठ तास

एका जंगलात, बाळांनो, एक नदी होती आणि नदीकाठी उदाजीराव नावाचं एक पाणमांजर राहत होतं. उदाजीराव सकाळी उठायचे, मिशा झटकायचे, नदीत बुडी मारायचे आणि न्याहारी करून वर यायचे. न्याहारीला काय असायचं ते मी सांगत नाही. तुम्ही नुकतेच जेवून बसला असाल.

त्याच नदीत शेवंताबाई नावाची मरळ होती. मरळ हा मासा आपल्या पिल्लांना टाकून कुठे जात नाही. शेवंताबाईंची पिल्लं दोनशे होती, आणि रोज सकाळी ती थोडी कमी होत होती. महिनाभर निभावलं असतं, तर ती मोठी होऊन आपापल्या वाटेने गेली असती. पण उदाजीरावांच्या भुकेला महिनाभर थांबायची सवय नव्हती. शेवंताबाईंचा जीव टांगणीला लागला होता.

एकदा सहलीला आलेली माणसं काठावर विजेवर मंद आचेने शिजवणारा एक स्लो कुकर आणि तारलीच्या डब्यांचं भलंमोठं खोकं विसरून गेली. जंगलात वीज कुठून आली, असं विचारू नका. तुमच्या घरून जाते ती कुठेतरी जातच असेल ना?

शेवंताबाईंनी पाण्यातून डोकं वर काढलं.

"उदाजीराव, या वयात बुड्या कशाला मारता? गुडघे धरतील."

"मग खाऊ काय?"

"तो डबा उघडा, भांड्यात ओता. वर कांदा, टोमॅटो, चार आमसुलं. झाकण लावा आणि बसून राहा. आठ तासांनी कालवण तयार. तुम्हालाही जमेल इतकं सोपं आहे."

"मध्ये ढवळायचं?"

"छे. झाकणाला हात लावायचा नाही. वाफ गेली की अर्धा तास वाढतो."

उदाजीरावांना हे फारच आधुनिक वाटलं. ते झाकणाकडे बघत बसले.

"आई," एका पिल्लाने विचारलं, "डब्यात पण मासेच आहेत ना?"

"ते समुद्रातले. आपलं त्यांच्याकडे जाणं-येणं नाही," शेवंताबाई म्हणाल्या, आणि पिल्लांना घेऊन जरा खोल पाण्यात गेल्या.

इतक्यात तिथून एक कासव चाललं होतं. ते म्हणालं, "अहो, डब्यातला मासा शिजवूनच भरलेला असतो. उघडा आणि खा." मंद आचेविरुद्ध एका कासवाने बोलावं, याचं सगळ्यांना फार वाईट वाटलं. कोणी त्याला बसा म्हणालं नाही.

मग रोज नवा बेत निघू लागला. कधी नारळाचं दूध घालून, कधी बटाटा, कधी कैरी. बघायला माकडं आली, कोल्हा आला, शेवटी वाघही येऊन बसला.

"किती राहिले?" वाघ विचारायचा.

"पाच तास," उदाजीराव हळू आवाजात सांगायचे.

त्या महिन्यात जंगलात कोणी कोणाला खाल्लं नाही. सगळे झाकणाकडे बघत होते.

महिना सरला आणि डबे संपले. उदाजीराव दोन दिवस उपाशी राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे मिटून नदीत बुडी मारली आणि वर आले, तेव्हा त्यांच्या पंजात साक्षात शेवंताबाई होत्या. पिल्लं आता चांगली बोटभर झाली होती. ती काठाशी गोळा होऊन बघत राहिली.

उदाजीरावांनी शेवंताबाईंना उलटं करून पाहिलं. मग सुलटं केलं. पोटाखाली पाहिलं.

"तारीख कुठे आहे?"

"कसली?" शेवंताबाईंनी कसंबसं विचारलं.

"कधीपर्यंत खायचं त्याची."

शेवंताबाईंना आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलण्यात फायदा दिसला. "छापलेली नाही हो," त्या म्हणाल्या.

"मग नको. बिनतारखेचं मला सोसत नाही." उदाजीरावांनी त्यांना अलगद पाण्यात सोडलं. ते रिकाम्या कुकरापाशी गेले, झाकण नीट बसवलं आणि समोर बसले. बाजूला नदीत मासे उड्या मारत होते.

शेवंताबाईंना त्यांची खरंच दया आली.

"बाई, आता उघडू का?" थोड्या वेळाने उदाजीरावांनी विचारलं.

"अहो, एवढ्यात कुठे," शेवंताबाई मायेने म्हणाल्या.

तात्पर्य : जो आपल्याला खाणार, त्याच्यापासून पळू नये. त्याचा स्वयंपाक सोपा करून द्यावा.