गपचं सर्टिफिकेट

स्वरूपने नर्सिंगला अर्ज करायचं ठरवलं, इथवर सगळं ठीक होतं. चूक झाली ती एवढीच, की त्याने ते जेवताना घरात सांगितलं.

"नर्सिंग?" बाबांचा घास हातातच राहिला. "म्हणजे तू सिस्टर होणार?"

"मुलग्यांना ब्रदर म्हणतात."

"ब्रदर चर्चमध्ये असतो."

"हॉस्पिटलमध्येपण असतो, बाबा."

"मग तिथल्या सिस्टर कुठे जातात?"

(या प्रश्नाला उत्तर नाही. बाबांच्या बहुतेक प्रश्नांना नसतं, म्हणून तर ते वादात हरत नाहीत.)

बाबा म्हणजे दीपक, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एका बर्फाच्या कारखान्यात कारकून. अक्षर सुरेख, आणि त्या अक्षराची घमेंड अक्षराहून सुरेख. आळीतल्या प्रत्येकाच्या विजेच्या मीटरचा, रेशनकार्डाचा, बोटीच्या परवान्याचा अर्ज त्यांनी लिहिलेला. स्वतःच्या मुलाचा अर्ज मात्र ऑनलाइन निघाला, याचा त्यांना नर्सिंगपेक्षा जास्त राग आला. आठ दिवस ते बोलले नाहीत. नवव्या दिवशी जेटीवर कुणीतरी सांगितलं की ब्रदरला सरकारी नोकरी लागते. त्या संध्याकाळी बाबा चहा पिता पिता बोलले, "तुझ्या त्या फॉर्मचं काय झालं?"

फॉर्म भरून झाला होता. अडलं होतं ते एका कागदावर. गॅप सर्टिफिकेट. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडल्यापासून दोन वर्षं काय करत होतात, ते शपथेवर लिहून द्या.

आता हे एका ओळीचं काम. पण बाबांनी त्यासाठी रविवारी बैठक बोलावली. मुंबईच्या गोदीतून रिटायर होऊन आलेले गंगारामकाका आले. खालच्या आळीतली गोदूआत्या आली. पोरगा बोलावल्याशिवाय येऊ नये म्हणून त्याला चहा करायला पाठवलं.

"गपचं सर्टिफिकेट?" आत्या बोलली. "सरकारला ते कशाला हवं? हा मेला जन्मापासनं गपच आहे. हवं तर मी सही करते."

"गॅप गं, गॅप," काका बोलले. "मधली रिकामी जागा. दीपक, तू लिही, दोन वर्षं माझ्याकडे मुंबईला होता. कंपनीत."

"कुठल्या कंपनीत?"

"कंपनीत म्हणजे कंपनीत. नाव कशाला? नाव लिहिलं की चौकशी होते."

"त्यापेक्षा कलेक्टरच्या परीक्षेचा अभ्यास करत होता, असं लिहू," बाबा बोलले. "ऐकायला बरं वाटतं."

"मग आता नर्सिंगला का चाललाय, विचारतील."

"नापास झाला म्हणू."

अशी दहा मिनिटांत स्वरूपने मुंबईत नोकरी केली, सोडली, कलेक्टरची परीक्षा दिली आणि तीत नापासही झाला. चहाचा ट्रे घेऊन तो दारात उभा होता.

"आईला सांभाळत होतो, असं लिहा," तो बोलला.

तिघंही चहाकडे बघायला लागले.

"ते काय काम झालं?" शेवटी बाबा बोलले. "ते काय, कोणीही करतं."

कोणीही. हा कोणी स्वरूपला त्या बावीस महिन्यांत एकदाही भेटला नव्हता. आईची उजवी बाजू लुळी पडली, त्या दिवशी बाबा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बोलले होते, "कुणीतरी घरी राहायला हवं." आणि मग काकांकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, छताकडे बघितलं. कुणीतरी म्हणजे स्वरूप, असं कुणी बोललं नाही. पण कॉलेज त्याचंच सुटलं. काका मोसंबी घेऊन यायचे आणि नाकाला रुमाल लावून दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. आत्या देवाला नवस बोलायची. नवस फेडायलाही स्वरूपलाच पाठवायची. आईला नळीतून भरवणं, पुसणं, चादर बदलणं, दर दोन तासांनी कूस बदलणं हे सगळं 'कोणीही' करत होता. त्याने मोबाइलवर दोन-दोन तासांचे गजर लावले होते. गजराला नाव दिलं होतं, 'आईला कूस'. बावीस महिन्यांत आईच्या पाठीला एक जखम झाली नाही. डॉक्टरांनी विचारलं, "हे कोणी केलं?" बाबा बोलले, "आम्ही."

बाबांनी काहीच केलं नाही, असंही नाही. आईचा खांदा सुजला तेव्हा डॉक्टर बोलले, थोडा बर्फ लावा. बाबांनी कारखान्यातून गोणपाटात गुंडाळून बर्फाची पाव लादी स्कूटरवर घालून आणली. आईच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवली. तासाभरात खाटेखाली तळं झालं, चपला तरंगायला लागल्या आणि बाबा उंबऱ्याबाहेरूनच फडकं घेऊन पुसत बसले. आई अर्ध्या तोंडाने हसली. ते तिचं शेवटचं हसणं. सूज चार दिवसांत उतरली. तरी बाबा रोज बर्फ आणत राहिले. उंबऱ्यापर्यंत यायचे, बर्फ ठेवायचे, "कशी आहे?" विचारायचे आणि उत्तर यायच्या आत जायचे.

शिमग्याच्या आधी आठ दिवस आई गेली. स्वरूपने गजर बंद केले नव्हते.

बैठक काहीच न ठरता उठली. दुसऱ्या दिवशी बाबा एकटेच कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे गेले. आपल्या सुरेख अक्षरातला मसुदा ते घरीच विसरले होते, म्हणून त्यांनी तोंडी सांगितलं. परत आले ते सही-शिक्क्याचा कागद पाकिटात बंद करून. "काय लिहिलंत?" स्वरूपने विचारलं. "जे खरं ते," बाबा बोलले. पाकीट त्यांनी कॉलेजच्या काउंटरपर्यंत हातातून सोडलं नाही.

काउंटरवरच्या मॅडमनी पाकीट फोडलं, वाचलं आणि शेजारच्या मॅडमना हाक मारली. मग दोघींसाठी मोठ्याने वाचलं.

"मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझा मुलगा स्वरूप हा मागील दोन वर्षे घरी गप होता. सदर गप खरा असून, त्याबद्दल त्यास गप प्रमाणपत्र मिळावे."

रांगेतल्या मुली हसल्या. मागचा एक पालकही हसला. स्वरूपला वाटलं, जमीन फाटायला यापेक्षा चांगली वेळ नाही. पण रत्नागिरीचा कातळ इतक्या सहज फाटत नाही.

"काका, गॅप," मॅडम बोलल्या. "गप नाही."

"गपच होता, मॅडम," बाबा चिडून बोलले. "खोटं काय लिहिलंय? विचारा आळीत. दोन वर्षांत एका शब्दाने बोलला नाही."

"अहो, पण घरी करत काय होता?"

बाबांनी तोंड उघडलं. मुंबईची कंपनी तिथवर आली असावी, कलेक्टरही आला असावा, पण बाहेर काहीच पडलं नाही. आणि तेवढ्यात काउंटरवर कागदांच्या शेजारी ठेवलेला स्वरूपचा मोबाइल वाजायला लागला. मॅडमनी पडद्यावरचं नाव वाचलं. आईला कूस.

"जा बाळा, आधी घरी जाऊन ये," त्या बोलल्या. "आम्ही चारपर्यंत आहोत."

"नको," स्वरूपने गजर बंद केला. "आता गरज नाही."

रांग गप झाली. मॅडमनी तो शपथेचा कागद स्वरूपला परत दिला आणि ड्रॉवरमधून एक कोरा स्वयंघोषणेचा फॉर्म काढला. बाबांनी सवयीने हात पुढे केला.

"मुलानेच लिहायचंय," मॅडम बोलल्या.

कारणासाठी दोन ओळी जागा होती. बावीस महिने आणि दोन ओळी. स्वरूपने लिहिलं, 'आजारी आईची शुश्रुषा करत होतो. ती वारली.' बाबा खांद्यावरून वाचत होते.

"त्यातला श्रू दीर्घ," ते बोलले.

त्याने दीर्घ केला. त्या शब्दातलं बाबांना तेवढंच येत होतं, पण ते अचूक येत होतं.

मग बाबा रांगेकडे तोंड फिरवून हळूच, मॅडमना ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलले, "बर्फाचंपण लिही."

दुसऱ्या ओळीत अजून जागा होती. स्वरूपने त्या जागेकडे बघितलं. सही केली आणि फॉर्म मॅडमना दिला. मॅडमनी शिक्का मारला.

परत येताना तो बाबांच्या मागे स्कूटरवर बसला होता. त्याच गोणपाटाच्या, अजून ओलसर वासाच्या सीटवर.

"लिहिलंस ना बर्फाचं?" बाबांनी मान न वळवता विचारलं.

दोन वर्षं एकदम वर आली. उंबऱ्यापासून खाटेपर्यंतची चार पावलं, 'आम्ही', 'कोणीही', सगळं. आज बोलायचंच.

"बाबा, तुम्ही एकदा जरी आत—"

"गप! गप!" बाबा ओरडले. "पुढे पोलीस आहे, आणि तुझ्या डोक्यावर हेल्मेट नाही."

स्वरूप गप बसला. खिशात गप असल्याचा सही-शिक्क्याचा कागद होताच.