अध्याय संपेपर्यंत

कमलाकांत वकिलांचा श्वास झोपेत मध्येच थांबायचा. थांबला की सिंधूताई कोपराने ढोसायच्या, मग तो परत सुरू व्हायचा. अडीच महिने त्या अशा जागत होत्या, कारण झोपेच्या तपासणीची तारीखच पदरात पडत नव्हती. अमरावतीत पहिल्या तारखेला डॉक्टर लग्नाला गेलेले. दुसऱ्या तारखेला घरच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. चिठ्ठी नेली, तर मशीनच दुरुस्तीला गेलेलं.

शेवटी अकोल्याच्या एका दवाखान्यात दुपारचे तीन तास मिळाले.

"अन् यायले झोपच नाही लागली तं?" सिंधूताईंनी विचारलं.

"मंग पुढची तारीख दिवाळीनंतर," मशीनवाले देवमनभाऊ म्हणाले आणि वकिलांच्या डोक्याला तारा चिकटवल्या. "झोपा आता, साहेब. झोपले की मी बटन दाबतो."

कोर्टात, आरतीत, साळीच्या लग्नात झोपलेला माणूस टक्क जागा!

"सिंधू, कोणी पाहून राहिलं की मले झोप येत नाही."

तासभर असाच गेला. सिंधूताईंचा रोजचा नेम राहिला होता. त्यांनी पिशवीतून पोथी काढली आणि हलक्या आवाजात वाचायला घेतली. पाचव्या ओवीला वकील घोरू लागले. पोथीत नवरा झोपतो म्हणून तीस वर्षं त्या देवाची माफी मागत आल्या होत्या. आज त्यांनी मनातल्या मनात आभार मानले.

दहाव्या ओवीला दुसरं घोरणं ऐकू आलं. देवमनभाऊ खुर्चीत आडवे, आणि मशीनचा दिवा बंद!

आली पंचाईत. सुरू केलेला अध्याय सोडून मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही, हा त्यांचा माहेरापासूनचा नेम. बरं, अध्याय संपवावा, तर शेवटच्या ओवीला वकील हटकून जागे होत आणि प्रसादाला हात पुढे करत. सिंधूताईंनी आवाज चढवला. देवमनभाऊ आणखी गाढ झोपले. तेवढ्यात वकिलांचा श्वास थांबला. कोपर पोचेना, म्हणून त्यांनी छत्रीने ढोसलं.

तीन ओव्या उरल्या. सिंधूताई एकेक अक्षर बोरासारखं चघळू लागल्या. दोन. एक.

दार उघडून डॉक्टरीणबाई डोकावल्या. ओवी न तोडता सिंधूताईंनी छत्री आधी देवमनभाऊंकडे रोखली, मग मशीनकडे. बाईंनी धावत जाऊन बटन दाबलं. दिवा लागला.

"काकू, थांबू नका!"

सिंधूताईंनी दमही न घेता पुढचा अध्याय जोडला. मग त्याच्या पुढचा. वकील जागे झाले तेव्हा तीन अध्याय झाले होते.

"झाली का पोथी?" त्यांनी सवयीने हात पुढे केला.

"झाली, आणि तपासणीही झाली," डॉक्टरीणबाई हसल्या. "घाबरायचं कारण नाही. रोज हा मास्क लावून झोपायचं, म्हणजे श्वास अडणार नाही. आजच घेऊन जा. काकू, कसा लावायचा ते पाहून घ्या."

काकूंच्या मांडीवर पोथी, हातात प्रसादाच्या साखरेची डबी, आणि मान भिंतीला टेकलेली.

एव्हाना जागे झालेले देवमनभाऊ लगबगीने त्यांना उठवायला निघाले. वकिलांनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या, भाऊ. मले दाखवा. अडीच महिन्यानं झोपली ते."

मग त्यांनी डबी हळूच काढून घेतली आणि आपल्या हाताने चिमूटभर साखर तोंडात टाकली.