पुढचे दोन दात

मीटर तपासनिसांनी आपल्या मोटारसायकलला जरा चपळ करायचं ठरवलं, त्याला कारण बायकोची स्कूटर.

पाणीपुरवठा खात्यात ते पाण्याचे मीटर तपासायचे. पंपघरं आणि टाक्या गावाबाहेर, चढणीवर, खडीच्या वाटांवर. म्हणून त्यांनी डांबरावरही चालेल आणि मातीतही चालेल अशी एक उंच, सडपातळ गाडी जुन्यात घेतली होती. गाडी दणकट होती. फक्त तिला जागेवरून उठायला वेळ लागायचा (तो त्यांनाही लागायचा, पण ते सोडा). सकाळी नवराबायको एकदमच बाहेर पडत. बायको शाळेत गणित शिकवायची, सगळं गाव तिला बाईच म्हणायचं. सिग्नलला हिरवा दिवा लागला की बाईंची स्कूटर सुर्रकन पुढे, आणि तपासनीस एवढं मोठं धूड घेऊन मागच्यांचे हॉर्न ऐकत. बाई त्यावर कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. पुढच्या सिग्नलला थांबून त्या नुसत्या आरशात बघायच्या. ते बघणंच फार लागायचं.

मेकॅनिकनं उपाय सांगितला. "इंजिनाला हात लावायची गरज नाही. चेन ज्या दातेरी चाकावर फिरते ना, इंजिनाकडचं छोटं, ते एक दात कमी असलेलं टाका. स्वस्तात काम होतं. गाडी चटकन उचलेल. वरचा वेग थोडा जाईल, एवढंच."

"थोडा म्हणजे किती?"

"तुम्ही कधी तिथपर्यंत गेलायत का?"

तपासनिसांनी गाडीला किक मारली.

"एकच दात हां," मेकॅनिकनं मागून ओरडून सांगितलं.

घरी येईपर्यंत तपासनिसांच्या डोक्यात चक्र सुरू झालं. एका दातानं गाडी चटकन उचलत असेल, तर दोनांनी काय होईल? शिवाय मागचं दातेरी चाक मोठं केलं तरी तोच फायदा होतो असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. स्वस्तातच होतंय, मग हात आखडता का घ्या? त्यांनी स्पेअर पार्टच्या दुकानात फोन लावला. शेजारच्या खोलीत सासूबाई बसल्या होत्या. त्या चार दिवस राहायला आल्या होत्या आणि त्यांचे कान या वयातही ठणठणीत होते.

"पुढचे पंधरा आहेत, तेरा करायचेत," तपासनीस फोनवर सांगत होते. "हो हो, पुढचेच दोन कमी. आणि मागचे सहा वाढवायचे... छे, कुणाकडे नेणार नाही, घरीच काढतो. पाना आहे ना. नाहीच निघालं तर हातोडी आहे."

सासूबाई स्वयंपाकघरात धावल्या. "अगं, जावईबापूंना झालंय तरी काय? पुढचे दात हातोडीनं पाडतायत!"

"गाडीचे गं आई."

"गाडीला दात असतात?"

"चेनच्या चाकाला असतात."

"आणि मागचे वाढवणार म्हणतायत. अक्कलदाढ का?"

"ती दुकानात मिळत नाही," बाई म्हणाल्या आणि कणीक मळू लागल्या.

रविवारी दुपारी जिन्याखाली काम निघालं. पुढच्या दातेरी चाकाचा नट असा चिकटला होता, की जणू कारखान्यात त्याला शपथ घालून बसवला होता. शेवटी बाईंना गाडीवर बसवून मागचा ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि तपासनीस पान्यावर जवळजवळ उभे राहिले. नट सुटला, तपासनीसही सुटले आणि थेट कुंड्यांत गेले. पण संध्याकाळपर्यंत दोन्ही दातेरी चाकं बसली, नवी लांब चेन चढली, तिचा ढिलेपणा जमला आणि हातापायांची बोटं शाबूत राहिली.

मग त्यांनी गल्लीत चक्कर मारायला गाडी काढली. क्लच सोडला मात्र, गाडी अशी काही झेपावली की तपासनीस गल्लीच्या टोकाला पोचले आणि त्यांचा धीर घरासमोरच राहिला. पहिला गिअर टाकेपर्यंत संपायचा. दुसरा त्याच्या मागोमाग. पण मीटर! वेगाचा काटा भराभर चढत होता. इतक्या पटकन तो कधीच चढला नव्हता.

"काटा बघितलास?" ते परत येऊन म्हणाले. "मीटर कधी खोटं बोलत नाही. माणसं बोलतात." (हे वाक्य ते पाण्याचं बिल घेऊन भांडायला येणाऱ्यांनाही ऐकवायचे.)

याच आठवड्यात बाईंची मुलाखत होती. डोंगरावरच्या मोठ्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा निघाली होती. इतकी वर्षं फळ्यासमोर उभं राहिल्यावर ही पहिली संधी, आणि बाईंनी ती मनावर घेतली होती. त्या सकाळच्या बसनं जाणार होत्या.

"बस कशाला?" तपासनीस म्हणाले. "बस तुला पायथ्याशी सोडणार, वर चढून घामाघूम होशील. मी नेतो. या गाडीला आता किती वेळ लागतोय!"

बाईंनी गाडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. ते इतक्या हौसेनं सांगत होते की त्यांना नाही म्हणवेना. संसारातल्या बऱ्याच चुका अशाच होतात.

गावातले सगळे सिग्नल तपासनिसांनी जिंकले. बाईंनी त्यांचा कोट दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मात्र गाडी किंचाळायला लागली. शेवटचा गिअर पडला तरी तपासनिसांचा पाय सवयीनं आणखी एक गिअर शोधत होता. हँडल थरथरत होतं, आरशातलं जग धूसर झालं होतं. काटा ऐंशीवर होता. तरी एक ट्रक पुढे गेला. मग शाळेची बस गेली, तिच्या मागच्या खिडकीतून मुलांनी हात हलवले. मग गाद्या लादलेला एक टेम्पो गेला.

"आज सगळेच सुसाट सुटलेत," तपासनीस ओरडले.

"अहो, आपण किती वेगानं चाललोय?"

"ऐंशी!"

"नाही. ऐंशीनं एका किलोमीटरला पंचेचाळीस सेकंद लागतात. मी कडेच्या किलोमीटरच्या दगडांवर घड्याळ लावून दोनदा मोजलं. दोन्ही वेळा पूर्ण मिनिट लागलं. आपण साठनं चाललोय."

"मीटर काय खोटं बोलतंय?"

"तुमचं मीटर वेग कुठून मोजतं?"

तपासनिसांनी पुन्हा काट्याकडे पाहिलं. मीटर मोजत होतं गिअरबॉक्समधून. गिअरबॉक्स नेहमीसारखाच फिरत होता. त्याच्या पुढे दातांचा हिशेब बदललाय हे बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. गावातली इतकी चुकीची मीटरं पकडणाऱ्या माणसाच्या नाकासमोर एक मीटर चार दिवस मनाला येईल ते दाखवत होतं.

"उशीर होणार," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. आवाज मात्र बारीक झाला होता.

"होणार नाही," ते म्हणाले. "वरच्या टाकीकडे जाणारी कच्ची वाट मला ठाऊक आहे. सरळ शाळेच्या मागे निघते."

आणि त्या वाटेवर खरोखरच गाडीचं सोनं झालं. खडी, ओघळ, उभी चढण. जिथे आधी तपासनीस पाय टेकत, शिव्या देत चढायचे, तिथे ती बकरीसारखी टणाटण चढत गेली. "बघितलंस?" ते दर वळणाला विचारत होते, आणि बाईही आता हसत होत्या.

अर्ध्यावर गुरांसाठी लावलेलं लाकडी फाटक होतं. बाई उतरल्या, फाटक उघडलं. तपासनिसांनी गाडी आत घेतली. बाईंनी फाटक लावलं, मागे आल्या, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "थांबा हं."

हेल्मेटमध्ये त्यातला फक्त "हं" पोचला. तपासनिसांनी क्लच सोडला.

"आता बघ, आता आणखी हलकी झाली!" ते ओरडले. इंजिन तापलं की गाडी आणखी खुलते, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. मग त्यांनी मुलाखतीबद्दल सल्ला दिला. घाबरायचं नाही, विचारतील तेवढंच बोलायचं, आणि मुख्य म्हणजे समोरच्याचं म्हणणं नीट ऐकून घ्यायचं. बाई एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. पटतंय तिला, असं त्यांना वाटलं.

शाळेच्या आवारात गाडी उभी करून त्यांनी दोन्ही पाय घट्ट रोवले. "उतर सावकाश. सायलेन्सर तापलाय."

शाळेच्या फाटकावरचा रखवालदार जवळ आला. "साहेब, कुणाला उतरवताय?"

तपासनिसांनी मागे वळून बघितलं. मग त्यांनी गाडी जी वळवली, ती आल्या वाटेनं खाली. गुरांच्या फाटकापाशी कुणी नव्हतं. त्यांनी हाका मारल्या, ओघळात डोकावून बघितलं, झुडपं बाजूला केली. आता मात्र त्यांना गाडी, दात, सिग्नल काही काही आठवत नव्हतं. ती पडली असेल, लागलं असेल, एवढंच डोक्यात घुमत होतं. खाली मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन ते परत वर शाळेत आले.

"बाई आत आहेत," रखवालदार म्हणाला. "पायवाटेनं डांबरी रस्त्यावर आल्या म्हणे, आणि तिथून पावाच्या गाडीतून, शाळेच्या कॅन्टीनला येते ना, तिच्यातून. अगदी वेळेवर. तुम्ही पाणी घ्या."

तपासनीस पायरीवर बसून पाणी प्यायले. बऱ्याच वेळानं बाई बाहेर आल्या. कपडे व्यवस्थित होते, केसांत थोडं पीठ होतं.

"लागलं का गं कुठं?"

"नाही. उभी होते तशीच राहिले. तुमचा खांदा तेवढा गेला."

"आणि मुलाखत?"

"जागा मिळाली," बाई म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की तपासनीसही हसायला लागले. "सगळं छान झालं. शेवटी फक्त कमिटीच्या अध्यक्षांनी विचारलं, इथे राहायला यावं लागेल, घरच्यांची अडचण नाही ना? मिस्टर येतील का बरोबर?"

"मग? काय सांगितलंस?"

"सांगितलं, येतील. पण आधी ते एकटे पुढे जातील, आणि मग मला शोधायला परत येतील."

कमिटीतल्या बाकीच्यांना हा विनोद वाटला. खिडकीशी बसलेल्या दोघांना वाटला नाही. त्यांनी तपासनिसांना दोन्ही वेळा एकटेच आवारात शिरताना पाहिलं होतं.