बदकाच्या मुठीची छत्री

"कला म्हणजे माणसाच्या आत्म्याचा श्वास आहे! गेली अकरा वर्षं मी हा श्वास रोखून धरलाय!"

अँटवर्पचं मोठं चित्रसंग्रहालय पुन्हा उघडत होतं. त्या सकाळी, रांगेत पहिला नंबर लावलेल्या गोमारने टीव्हीवाल्या मुलीसमोर हे वाक्य ठोकलं, तेव्हा मागच्या दोन बायकांनी डोळे पुसले. मुलीने तर कॅमेरा त्याच्या नाकापर्यंत आणला.

खरं सांगायचं तर गोमारच्या आत्म्याचा श्वास कोटाच्या खिशात होता. पितळेचा एक बिल्ला. संग्रहालय बंद व्हायच्या आदल्या दिवशी गोमार तिथे शिरला होता, तो कलेसाठी नव्हे. पाऊस आला म्हणून. आत छत्री नेऊ देत नाहीत, म्हणून ती दारातल्या खोलीत जमा केली, बिल्ला घेतला. बाहेर पडताना लख्ख ऊन! आता अँटवर्पमध्ये ऊन पडलं की माणूस स्वतःचं नावसुद्धा विसरतो, छत्रीचं काय घेऊन बसलात! दुसऱ्या दिवशी धावत गेला, तर दाराला कुलूप. "दुरुस्तीसाठी बंद."

आणि छत्री स्वतःची असती तर गोष्ट वेगळी. ती सासूबाईंची होती! कैलासवासी सासऱ्यांनी त्यांना लग्नात दिलेली, काळीभोर, बदकाच्या डोक्याची मूठ, त्यातल्या बदकाचा एक डोळा गायब.

"विकलीन् मेल्याने! बिअर प्यायला असेल!" असा निकाल फिलोमेनाबाईंनी त्याच दिवशी दिला. त्यावर अपील नव्हतं. दर रविवारी जेवायला बसलं की बिअरमध्ये शिजवलेला मांसाचा रस्सा सगळ्यांना भरभरून, आणि गोमारच्या ताटात नुसते तळलेले बटाटे.

"त्याला रस्सा नकोच वाढू हो गोडलीव्ह," त्या लेकीला सांगायच्या. "छत्री पचवलीय त्याने. पोट भरलेलं असेल!"

आज सासूबाईंचा ऐंशीवा वाढदिवस. काल निरोप आला होता: "जावईबापूंना म्हणावं, छत्री असेल तर या. नसेल तर दारातूनच शुभेच्छा द्या." म्हणून गोमार उजाडायच्या आत रांगेत. छत्री घ्यायची, ट्राम पकडायची, अकरा वर्षांचा रस्सा वसूल करायचा. पाच मिनिटांचं काम!

पण ते आत्म्याचं वाक्य संग्रहालयाच्या संचालकांनी ऐकलं. ते धावतच आले.

"महाशय! आपल्यासारख्या रसिकासाठीच आम्ही हे उघडलंय! चला, पहिलं पाऊल आपलं!"

"हो हो, पण कोट-छत्र्यांची खोली कुठेय हो?"

"ऐकलंत?" संचालक मागच्या पाहुण्यांकडे वळले. "चित्रांच्या आधी वास्तूची चौकशी! याला म्हणतात नजर!"

टाळ्या! उद्घाटनाला आलेले मंत्रीसुद्धा टाळ्या वाजवत होते. त्यांना कारण कळलं नव्हतं, पण मंत्र्यांना ती सवय असते.

पुढे गोमारची अवस्था वरातीतल्या घोड्यासारखी झाली. फुलं गळ्यात, लगाम दुसऱ्याच्या हातात. एका दालनातून दुसऱ्या दालनात. मध्येच निसटून तो खाली त्या खोलीपर्यंत पोचला, तर तिथे छत्र्या नव्हत्याच. नुसती पोलादी कपाटं, आकडा दाबला की उघडणारी. तिथल्या मुलीने बिल्ला उलटसुलट करून पाहिला.

"काका, हे नाणं कुठल्या राजाचं?"

तेवढ्यात संचालकांनी त्याला गाठलं. "इथे काय करताय? शेवटचं दालन तर पाहिलंच नाहीत! आमचा मानबिंदू!"

शेवटचं दालन पांढरंशुभ्र. मधोमध काचेची पेटी, बाजूला पहारेकरी. पेटीत, वरून दिवे सोडलेली, एक काळी छत्री. बदकाची मूठ. एक डोळा गायब. खाली पाटी: "प्रतीक्षा. कलाकार अज्ञात."

"दुरुस्तीत अडगळीत सापडली," संचालक कुजबुजले. "बंद दारामागची अकरा वर्षं या एकाक्ष पक्ष्याने..."

"अहो, कसला पक्षी!" गोमार ओरडला. "सासूबाईंची छत्री आहे ती! हा घ्या बिल्ला! तिच्या दांड्याला जोडीचा अजून लटकतोय बघा!"

पहारेकऱ्याने वाकून पाहिलं. दोन्ही बिल्ल्यांवर आकडा एकच. संचालकांचा चेहरा पेटीतल्या बदकासारखा झाला. आणि नेमकी मागून हाक आली,

"गोमाऽऽर!"

टीव्हीवर जावयाचा आत्मा पाहून फिलोमेनाबाई लेकीला घेऊन ट्रामने थेट येऊन धडकल्या होत्या. नखशिखान्त भिजलेल्या! गर्दी आपोआप दुभंगली. बाई पेटीसमोर उभ्या राहिल्या. गोमारने डोळे मिटून घेतले.

"विकली नव्हतीस तर," त्या काचेला नाक लावून म्हणाल्या.

"नाही हो आई! हेच तर अकरा वर्षं सांगतोय!"

"आत्ता पेटी उघडतो, बाई," संचालक घाम पुसत म्हणाले. "आपली वस्तू आपण..."

"थांबा! हा पहारेकरी रात्रीपण असतो?"

"दुसरा असतो, पण असतो."

"मग राहू दे इथेच! माझ्या घरी जावई येतो." बाईंनी पाटीवर बोट ठेवलं. "पण हे 'अज्ञात' खोडा आधी. फिलोमेनाबाईंची छत्री, असं लिहा. ठळक! आणि गोडलीव्ह, आज तुझ्या नवऱ्याला रस्सा दोनदा वाढ."

काय त्या टाळ्या! गोडलीव्हने सगळ्यांदेखत नवऱ्याचा मुका घेतला. मंत्र्यांनी गोमारला मिठी मारली, संचालकांनी मंत्र्यांना. वाजतगाजत सगळे दारापर्यंत आले. बाहेर पाऊस असा कोसळत होता की समोरचा ट्रामचा थांबा दिसेना. टीव्हीवाली मुलगी पुन्हा पुढे सरसावली. गर्दीने कान टवकारले. आत्म्याबद्दल आता काहीतरी शेवटचं, मोलाचं ऐकायला मिळणार होतं.

गोमारने पावसाकडे पाहिलं, ओल्याचिंब सासूबाईंकडे पाहिलं, आणि घसा खाकरला.

"कुणाकडे एखादी छत्री मिळेल का हो? ट्रामपर्यंतच!"