मुठीतला दट्ट्या

याकोबमामा दिसले की आमच्या गल्लीतली माणसं आधी हात लपवत. कोणी टॉवेलात, कोणी सदऱ्याच्या खिशात, आणि माझी बायको सुमन सरळ कणकेत. रिकामा हात मामांच्या नजरेला पडला की संपलं. ते जवळ येऊन त्या हातात एक दट्ट्या ठेवत, वरून स्वतःच्या हातानं तुमची मूठ मिटवत आणि म्हणत, "धरा जरा. सोडू नका."

दट्ट्या म्हणजे पाइपातली तंबाखू दाबायचं हत्यार. बोटाएवढा लाकडी दांडा आणि त्याच्या बुडाला पितळेची चकती. आता भिंगारला आमच्या गल्लीत पाइप ओढणारा औषधालासुद्धा सापडला नसता. बिडी, तंबाखू-चुना, फार तर मिशरी. पण मामा लष्कराच्या वर्कशॉपात फिटर होते. नोकरीत असताना एका साहेबानं मोडका दट्ट्या दुरुस्तीला दिला, मामांनी तो जोडला, साहेब खूश झाला, आणि तेव्हापासून मामांना जे वेड लागलं ते लागलंच. निवृत्तीनंतरही कॅम्पातल्या साहेबलोकांना ते दट्टे नेऊन देत. उरलेले आम्हाला. आमच्याकडे एक वेलदोडे कुटायला होता आणि एक खिडकी आपटू नये म्हणून फटीत खोचलेला.

खरी करामत लाकडाला पितळ चिकटवण्यात. त्याबद्दल मामा रविवारच्या प्रवचनाच्या गांभीर्यानं बोलत. "लाकूड जित्तं आसतं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आवळतं. पितळ कुनाचं ऐकत न्हाई. त्या दोघांचा संसार लावायचा म्हंजी खायचं काम हाय का?"

म्हणून आधी चकतीची पाठ कानशीनं खरवडायची. "गुळगुळीत गुळगुळीताला धरत न्हाई. ओरखडा पायजे." मग ती स्पिरिटनं पुसायची, दोन नळ्यांतलं चिकट, म्हणजे जोडायचा गोंद, सारख्या मापानं घेऊन काडीनं कालवायचं, दोन्हीकडे लावायचं आणि मुठीत दाबून बसायचं. मूठच का? तर हाताच्या उबेनं चिकट लवकर धरतं. चांगला अर्धा तास. तेवढा वेळ मामा समोर बसून बोलत. आपण हसलो की दटावत, "हसू नका. सांधा हालतो." सांधा केसभर वाकडा आला तरी ते दट्ट्या स्टोव्हवर तापवून उकलत आणि पुन्हा पहिल्यापासून खरवडायला बसत.

अर्धा तास झाला की दट्ट्या ज्वारीच्या डब्यात उभा खोचून रात्रभर ठेवत. एकदा मी विचारलं, "मामा, पहिल्यापासूनच ज्वारीत का नाही खोचत?"

त्यांनी डब्यातला दट्ट्या सरळ केला. "ज्वारीला ऊब नसती," म्हणाले आणि उठले.

दुष्काळाची वर्षं होती. नळाला पाणी येई ते करंगळीएवढं आणि घटकाभर. एके सकाळी पाणी आलं तेव्हा माझ्या मुठीत दट्ट्या होता, समोर मामा होते आणि वर्कशॉपातल्या एका इंजिनाची गोष्ट ऐन रंगात होती. सुमननं एकटीनं हंडे ओढले. शेवटचा अर्धाच भरला. तो हंडा तिनं असा आपटला की मामांचं इंजिन जागच्या जागी बंद पडलं.

त्याच संध्याकाळी ती कोपऱ्यावरच्या सुताराकडून एक जुना शिकंजा घेऊन आली, लाकडं आवळून धरायचा लोखंडी. तो मामांना नेऊन दिला. "यात आवळून ठेवत जा मामा. कुणाला बसवून ठेवायला नको."

"बरं झालं, पोरी," मामा म्हणाले.

मग मामा यायचे बंद झाले. गल्लीचे हात मोकळे झाले. सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पण हळूहळू पाणी भरताना सुमनचं लक्ष त्यांच्या लोटलेल्या दाराकडे जायला लागलं. "मार्थामामी असत्या तर बरं झालं असतं," ती एकदा म्हणाली. मार्थामामी म्हणजे मामांची बायको. आदल्या उन्हाळ्यात त्या वारल्या. मामा दट्ट्या घेऊन घरोघर फिरायला लागले ते त्यानंतरच. आमच्यापैकी कुणाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

एका सकाळी नळाला पाणी आलं. मी हंडा उचलला तर सुमननं तो माझ्या हातातून काढून घेतला.

"पाणी मी भरते. तुम्ही मामांकडे जा."

मामा खाटेवर बसले होते. शिकंजा खिळ्याला टांगलेला, रिकामा. टेबलावर चकत्या एकीकडे, दांडे एकीकडे.

"काम बंद का मामा?"

"शिकंजा लई आवळतो. चिकट समदं भाईर येतं. सांधा कोरडा ऱ्हातो." एवढं बोलून ते हातातलं काहीतरी अंगठ्यानं चोळत राहिले. पाहिलं तर तोही दट्ट्याच होता, चिंचेच्या लाकडाचा, वापरून काळा पडलेला. त्याची चकती लहान पोरालाही दिसावी इतकी एका बाजूला सरकलेली होती.

"हा उकलला नाही तुम्ही?"

"ह्यो न्हाई उकलायचा." त्यांनी सरकलेल्या चकतीवरून बोट फिरवलं. "मार्था धरायची समदे. एरवी आमचं बोलनं कुठं हुतं? मी वर्कशॉपात, ती चुलीपुढं. पन दट्ट्या हातात दिला का अर्धा तास उठायची न्हाई. तवा बोलायचो. ह्यो धरला हुता आन् मी कायतरी बोलून गेलो. काय, ते बी आता आठवत न्हाई. पन लई हसली. सांधा हालला."

मी खाटेसमोर बसलो आणि हात पुढे केला.

"चिकट कालवा मामा. मी मोकळाच आहे."

मामांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग उठून चकती पुसली, चिकट कालवलं, दोन्हीकडे लावलं, दट्ट्या माझ्या तळव्यावर ठेवला आणि वरून मूठ मिटवली. बाहेर सुमनचे हंडे वाजत होते. मी नेहमीसारखा चेहरा गंभीर करून बसलो.

"हसायचं आसलं तर हसा," मामा म्हणाले.