भिंतीला कान लावणारी माणसं

माणसं ओळखण्यात माझा हात धरणारा कुणी नाही! माहितीपट बनवणाऱ्याला तेवढं यावंच लागतं. आमच्यामागे ना स्टुडिओ, ना नट-नट्या. एक कॅमेरा, एक मेहुणा आणि समोर खरीखुरी माणसं, एवढंच आमचं भांडवल. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो कॅमेरा धरतो, कारण दुसरं काहीही धरायला दिलं की तो पाडतो.

या खेपेला मात्र प्रकरण गळ्याशी आलं होतं. आमच्या फिल्म क्लबच्या सचिवबाईंनी बजावलं होतं, "तुमच्या मागच्या माहितीपटाला मध्यंतरानंतर फक्त पंखे उरले होते. यंदा लोक शेवटपर्यंत बसले नाहीत, तर पुन्हा तारीख मागायला येऊ नका!"

तेवढ्यात मावशीनं बातमी आणली. गावाबाहेर एका पिवळ्या घरात मौनी पंथाची माणसं राहतात, ती एकमेकांशी अवाक्षरही बोलत नाहीत. मी उडालोच!

"आपण बोलायचं नाही," मी मेहुण्याला बजावलं. "गुपचूप घुसायचं, त्यांच्यातलं एक व्हायचं, मग शूटिंग."

"पण भाऊजी, आधी विचारायला नको का?"

"मौनी माणसाला प्रश्न विचारणं म्हणजे उपाशी माणसाला पाककृती वाचून दाखवणं!"

दार उघडंच होतं. आत एक दाढीवाले गृहस्थ खुर्चीत बसून पापणी न लवता आमच्याकडे बघत होते. खिडकीशी एक बाई, डोळे मिटलेले आणि कानांवर हे एवढाले हेडफोन. मनात म्हटलं, नुसतं तोंड नाही, कानसुद्धा बंद! केवढी ही साधना! मी कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. दाढीवाल्यांनी मान डोलावली, बाईंनी एक डोळा उघडून डोलावली, मीही डोलावली. परवानगी मिळाली!

आणि मग प्रमुख आले.

निळे कपडे, गंभीर चेहरा आणि हातात लांबलचक लोखंडी पाना. आता, प्रत्येक पंथाची काहीतरी खूण असतेच. ते कुणाकडेही न बघता थेट भिंतीजवळ गेले, गुडघ्यांवर बसले आणि भिंतीला कान लावला. दाढीवाल्यांनी लगबगीनं शेजारच्या भिंतीला कान लावला. बाईंनी हेडफोन काढून तिसरी भिंत धरली. मी चौथी. मेहुणा कॅमेऱ्यासकट गोल फिरत बसला, कारण त्याच्या वाट्याला भिंतच उरली नव्हती! प्रमुखांनी वळून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. काय ती नजर! तिच्यात करुणा होती, अथांगता होती. थोडी भीतीही होती, पण तेव्हा ती मला अथांगतेचाच भाग वाटली.

मग ते न्हाणीघराकडे गेले, नळाकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हात जोरजोरात हलवले. आज पाणी वर्ज्य! आम्ही झटक्यात समजलो. आम्ही तिथंच मुक्काम ठोकला आणि त्या दिवशी कुणी आंघोळ केली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच हात, पुन्हा तेच व्रत. तिसऱ्या दिवशी खोलीत असा काही दरवळ सुटला, की दाढीवाल्यांची पापणीसुद्धा लवू लागली.

बाकी मौन पाळणं म्हणजे खायचं काम नाही, बरं का! पलंगाचा पाय माझ्या पायाच्या करंगळीवर बसला तेव्हा मी जो निःशब्द नाच केला, तो दाढीवाल्यांनी उभं राहून पाहिला आणि लगेच तसाच करून दाखवला.

शेवटी तो दिवस उजाडला. प्रमुख ओट्याखाली शिरले. पाना फिरवला. कर्रर्र असा आवाज झाला आणि भिंतीतून पाण्याचा असा फवारा उसळला, की प्रमुख मागे कोलमडले. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि आभाळ फाटल्यासारखे ओरडले,

"अहो, कॉक बंद करा! कॉक!"

मौन सुटलं होतं! प्रमुख बोलले होते! माझ्या अंगावर काटा आला. दाढीवाले मटकन खाली बसले आणि पाण्यात डोकं टेकवून पुटपुटले, "कॉक..." बाईंनी पिशवीतून माईक काढला आणि धावत आल्या. "पुन्हा एकदा म्हणाल का? जरा इकडे तोंड करून!"

"क्लोज-अप घे!" मी किंचाळलो.

"अहो, बाहेरचा कॉक! घर बुडेल!" प्रमुख बोंबलले. "माणसं आहात की खांब?"

अखेर ते स्वतःच धावले आणि पाणी बंद करून आले. आम्ही घोटाभर पाण्यात आदरानं उभे होतो.

"प्रमुख," दाढीवाले गहिवरून म्हणाले, "या शब्दाचा गूढार्थ..."

"कसला प्रमुख? मी प्लंबर आहे!"

खोलीत पुन्हा शांतता पसरली. ही मात्र अस्सल होती.

"मग मौनी पंथाचे तुम्ही ना?" मी दाढीवाल्यांना विचारलं.

"छे! मी प्राध्यापक. मौनी पंथावर संशोधन करतोय. मला वाटलं तुम्ही!"

"मी? मी माहितीपटवाला! या बाई असतील."

"मी रेडिओवरची," बाई म्हणाल्या. "शांततेचा आवाज टिपायला आले होते. मला तर तुम्ही सगळेच वाटलात!"

"अहो, ते मौनी कधीच गेले," प्लंबर सदरा पिळत म्हणाला. "भांडी कुणी घासायची यावरून असे कडाकडा भांडले, की मालकिणीनं घर रिकामं करून घेतलं. मला वाटलं, तुम्ही नवे भाडेकरू. तुम्ही कॅमेरा घेऊन यायच्या आदल्या दिवशी मी बोलायला गेलो, तर या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. म्हटलं, घरात कुणीतरी आजारी असेल. नंतर तुम्ही भिंतींना कान लावलेत, तेव्हा कळलं की सगळेच आजारी आहात!"

माझ्या हातात आता होतं काय? एक भिजलेला प्लंबर! पण मी हरणारा नव्हे. त्याची परवानगी घेतली, जे घडलं तेच जोडलं आणि निवेदनात स्वच्छ सांगितलं की हे गृहस्थ प्लंबर आहेत.

प्रेक्षक शेवटपर्यंत बसले! एकसुद्धा उठला नाही. दिवे लागल्यावर सचिवबाई डोळे पुसत आल्या. "प्लंबर! काय रूपक योजलंत हो! अंतरंगातली गळती थांबवणारा!"

"बाई, तो खरंच प्लंबर आहे."

"अगदी, अगदी!" असं म्हणत त्यांनी माझ्याकडून त्याचा पत्ता घेतला.

परवा प्लंबरचा फोन आला. आवाज रडवेला होता. "साहेब, माझ्या दारात माणसं येऊन बसलीत. कोण आहात विचारलं तर मान डोलावतात. नळ बिघडलाय का म्हटलं, तर डोळे मिटतात. आणि आता सगळ्यांनी माझ्या भिंतीला कान लावलाय हो! मी काय करू?"

मी सवयीनं मान डोलावली. फोन ठेवला, तर स्वयंपाकघरातून बायकोची हाक. "अहो, कालपासून सिंकखाली धार लागलीय. तुमच्या ओळखीत कुणी चांगला प्लंबर आहे का?"