ठोकाजी मिस्त्रींची टकटक

एका जंगलात रेंज आली. रस्ता आला नव्हता, दवाखाना आला नव्हता, पण रेंज आली. रेंज आली की पुढे काय होतं, हे मुलांनो, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी ऐका. आणि हातातलं ते यंत्र आधी पालथं घाला.

त्या जंगलात ठोकाजी मिस्त्री नावाचा सुतारपक्षी राहत होता. झाडाच्या खोडात ढोली कोरून द्यायची, हा त्याचा धंदा. पिंगळे, पोपट, खारी, सगळ्यांचे संसार त्याच्याच ढोल्यांत चालत. ठोकाजीला पाटी नव्हती की पत्ता नव्हता. सकाळी टकटक सुरू झाली की गिऱ्हाईक आवाजाच्या रोखाने येई आणि ढोली सांगून जाई. पिढ्यान्‌पिढ्या हीच रीत होती.

इतकं बरं चाललं असलं की कुणाला स्वस्थ बसवतं? ठोकाजीला वाटलं, आता धंदा वाढवावा. त्याची बायको सगुणाबाई अंडी घालायच्या बेतात होती आणि घरची ढोली अर्धीच कोरून झाली होती.

"आधी घर पुरं करा, मग जग जिंका," सगुणाबाई म्हणाली.

"अगं, धंदा वाढला की घर काय, बंगला कोरू," असं म्हणून ठोकाजी रंगनाथ सरड्याकडे गेला.

रंगनाथ सोशल मीडियाचा सल्लागार होता. गिऱ्हाईक ज्या रंगाचं, त्या रंगाचा तो होई. त्यामुळे सगळ्यांना तो आपलाच वाटे. फी म्हणून त्याने मिस्त्रींच्या झाडावरच्या सगळ्या मुंग्या आगाऊ खाल्ल्या. मग ढेकर देऊन विचारलं, "तुमची स्ट्रॅटेजी काय?"

"सकाळी उठतो आणि ठोकतो."

"ही मजुरी झाली. तुमचा ऑडियन्स कोण?"

"ज्यांना अंडी घालायची असतात ते."

"छे छे! अंडी न घालणाऱ्यांपर्यंत पोचायला हवं. रोज एक रील टाकायचं. आणि ती टकटक बंद करा बघू. रेकॉर्डिंगची पार वाट लागते. आपण मागे बासरी लावू."

ठोकाजीने टकटक बंद केली. तो तुरा फुगवून, मान तिरकी करून बासरीवर ढोलीचे फायदे सांगू लागला. लाइक आले. ते सगळे तळ्यातल्या बेडकांचे होते, त्यांच्यापलीकडे रील पोचतच नव्हतं. बेडकाला ढोली कशाला हवी, हे काही ठोकाजीच्या डोक्यात आलं नाही. तो नुसता हरखून गेला.

इकडे पिंगळेवहिनींचेही दिवस भरत आले होते. त्या ढोली सांगायला म्हणून कान देऊन बसल्या, पण टकटक काही येईना.

"अहो, मिस्त्रींचा आवाज नाही बरेच दिवस," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"मग गेले बिचारे," पिंगळेभाऊ म्हणाले. "सुतारपक्षी जिवंतपणी गप्प बसलाय कधी?"

त्यांनी मिस्त्रींचा एक जुना फोटो शोधला आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून तो सगळ्यांना पाठवला.

दुपारपर्यंत सारं जंगल शोकसागरात बुडालं. जिचं ठोकाजीशी जन्मात पटलं नव्हतं, त्या घारीने लिहिलं, 'एक पर्व संपलं.' मुंगसाने 'आमचा घरोबा होता' असं लिहून फोटो मात्र स्वतःचाच टाकला.

ठोकाजीने हे सगळं वाचलं आणि त्याचे डोळे भरून आले. आपण इतके चांगले होतो, हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. 'मी जिवंत आहे' असं तो लिहायला लागला, तेवढ्यात रंगनाथ धापा टाकत आला. प्रसंग ओळखून तो पांढराशुभ्र झाला होता.

"खबरदार! चोच लावू नका! एवढा रीच आपल्याला कधीच मिळाला नव्हता. निदान महिनाभर तरी जिवंत होऊ नका."

"पण घरची ढोली?"

"ठोकलंत की आवाज होणार. आवाज झाला की संपलं सगळं."

ठोकाजीने बायकोकडे पाहिलं, अर्ध्या ढोलीकडे पाहिलं, लाइककडे पाहिलं. सांगायला लाज वाटते, पण लाइककडे तो जास्त वेळ पाहत राहिला.

सगुणाबाईची अंडी घालायची वेळ आली. "अहो, ठोकताय ना?"

"अगं, मी मेलोय."

"मेलात ना? मग वाटेतून बाजूला व्हा," म्हणत सगुणाबाईने स्वतःच चोच उचलली.

टकटक, टकटक. आवाज साऱ्या जंगलात घुमला. संध्याकाळपर्यंत ढोली पुरी झाली, अंडी घालून झाली. ठोकाजीला आत उबवायला बसवून ती बाहेर येते तो काय, दारात गिऱ्हाइकांची ही रीघ!

"धन्य आहे हो तुमची!" पिंगळेवहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "नवरा जाऊन चार दिवस झाले नाहीत, तर दुःख गिळून कामाला लागलात. आमचीही ढोली घ्या करायला."

ते ऐकून ठोकाजीने बाहेर डोकं काढायला सुरुवात केली. सगुणाबाईने त्याला पायानेच आत ढकललं.

"गप बसा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "दुखवट्याला आलेलं गिऱ्हाईक मी परत पाठवायची नाही."

झाडावर पाटी लागली, 'कै. ठोकाजी मिस्त्री यांच्या कृपाशीर्वादाने'. धंदा दुप्पट झाला. ठोकाजी आत अंडी उबवत बसला आणि बायको आणील त्या मुंग्या खाऊ लागला. एकदा मात्र त्याची चोच फारच शिवशिवली. त्याने आतून हळूच ठोकलं, टक.

बाहेर पिंगळेवहिनींनी हात जोडले. "अजून इथेच आहेत हो ते!" त्या गहिवरून म्हणाल्या.

रंगनाथने त्याचं रील केलं. इतकं चाललेलं रील त्या जंगलात पुन्हा झालं नाही.

तात्पर्य: आपलं काम आपल्यासाठी बोलतं, हे अगदी खरं आहे. म्हणून मुलांनो, ते बायकोवर सोपवावं आणि आपण वेळेवर वारून जाहिरात सांभाळावी.